मदत हवी आहे: दोन मुलींनंतर ऑपरेशन, पण घरचे अडून बसलेत

नमस्कार मैत्रिणींनो. मी सातारा जिल्ह्यातली. मोठी पाच वर्षांची, धाकटी आठ महिन्यांची, दोन्ही सिझेरियन. मला आता थांबायचंय. ह्यांनाही तिसरं नकोय, पण आईसमोर तोंड उघडत नाहीत. सासूबाई म्हणतात, "एक चान्स घे, वंशाला दिवा नको का?" बारशाला पेढ्यांऐवजी बर्फी वाटली, तीही पाव किलोच!

तांबी बसवायची म्हटलं तर "अंगावरून जातं." ह्यांची बिनटाक्याची नसबंदी? नावच काढू नका, "त्याला शेतात जड कामं असतात." माझं पोट दोनदा फाडलंय, ते कुणाच्या हिशेबात नाही.

गेल्या आठवड्यात चुलत सासूबाईंनी कानात सांगितलं, तिसऱ्यांदा राहिलं की "बघून घेऊ." गर्भलिंग तपासणीवर 1994 पासून कायदा आहे, हे त्यांना ठाऊक नाही असं थोडंच! आमच्याच जिल्ह्यात 2011 मध्ये 'नकुशा' नावाच्या अडीचशेवर मुलींची नावं बदलली होती. माझ्या वर्गातही एक होती.

आता विचारायचंय ते असं. सरकारी नियमात बायकोच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही लागत नाही, तरी दवाखान्यात "मिस्टरांना घेऊन या" म्हणाले. असं कुणाला झालंय का, तुम्ही काय केलंत? दोन सिझेरियननंतर दुर्बिणीतून केलेल्यांना त्रास झाला का? आणि लेक लाडकी योजनेत धाकटीच्या अर्जाला ऑपरेशनचं प्रमाणपत्र कुणी जोडलंय का? सासूबाईंना निदान तो कागद तरी दाखवता येईल.