बारावीच्या मुलीला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभं करायचं? (कालच्या पोस्टवरून)

निवृत्त_सिस्टर:
काल इथे एका ताईंनी विचारलं होतं. मुलगी बारावीत, यूकेला मेडिकलसाठी अर्ज करायचाय. नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलात ३० हजारांत १५ दिवसांचं 'क्लिनिकल एक्स्पोजर' मिळतंय, ओटीतही उभं राहू देतात, शेवटी सर्टिफिकेट. घ्यावं का? खाली सगळ्यांनी 'नक्की घ्या', 'आम्हालाही नंबर द्या' असं लिहिलंय. वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहिते.

३१ वर्षं वॉर्डात काढली. टेबलावरच्या माणसाला भूल दिलेली असते, अंगावर कपडा नसतो. त्याने सही केलेली असते ती ऑपरेशनसाठी. फी भरून आलेल्या मुलीने बघावं, असं त्याला कुणी विचारलेलं नसतं. आमच्याकडे एकदा मोठ्या साहेबांच्या ओळखीतला एक मुलगा थेट लेबर रूममध्ये आणून उभा केला होता. बाई कळा देत होती, त्याला बघून तिने पाय आवळून घेतले. मी त्याला बाहेर काढलं आणि मेमो मला मिळाला. २० वर्षं झाली, त्या बाईचं तोंड अजून आठवतं.

आणि मुलीची हेपॅटायटिस बीची लस झाली आहे का? तीन डोस असतात, तिसरा सहाव्या महिन्यात. वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, हे तिला कोण शिकवणार? पंधरा दिवसांत एवढं जरी नीट शिकवलं तरी पुरे, पण त्याचे कुणी ३० हजार घेत नाही.

खारघरची_आई:
मीच ती. सिस्टर, तुमच्या अनुभवाचा मान राखून सांगते, आम्ही हौसेने पैसे भरत नाही आहोत. १५ ऑक्टोबरच्या आत यूकॅसचा, म्हणजे यूकेतल्या कॉलेजप्रवेशाचा, फॉर्म जायला हवा. मेडिसिनसाठी चारच कॉलेजं भरता येतात. तिथे इंटरव्ह्यूत अनुभव विचारतात. इथे साधं उभं राहू द्या म्हणून आम्ही तीन ठिकाणी विचारलं. दोघांनी 'अठरा पूर्ण नाहीत' म्हणून परत पाठवलं, तिसऱ्यांनी उत्तरच दिलं नाही. ओळख नसलेल्यांनी काय करायचं?

रिपीटर_बाबा_ऐरोली:
मूळ रोग वेगळाच आहे. आपल्याकडे मेडिकलला 'नीट' ही एकच परीक्षा, १८० प्रश्न, ७२० मार्क, संपला विषय. माझा मुलगा दोन वर्षं रिपीट करतोय. आजोबांच्या डायलिसिसला आठवड्यातून तीनदा तोच न्यायचा, चार-चार तास बसायचा. त्याचा अर्धा मार्क तरी कुणी देणार आहे का? क्लासवाले वर विचारतात, टेस्ट का बुडवली.

इंटर्न_ठाणे_वेस्ट:
काका, नकोच तो अर्धा मार्क. उद्या सेवेला मार्क लागले, तर परवा स्टेशनबाहेर सेवेच्या सर्टिफिकेटांची दुकानं लागतील. नीट परीक्षा कितीही रूक्ष असली तरी माझे वडील रिक्षा चालवतात आणि मी सरकारी सीटवर आत आलो. पेशंट मी पहिल्यांदा कॉलेजात पाहिला. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीच पेशंटजवळ नेतात. मात्र पहिल्या मृत्यूनंतर मी दोन दिवस जेवलो नव्हतो. आधी काही पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं, हे मान्य करतो.

घोडबंदरवाली:
खारघरताई, माझी भाची यूकेत मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला इंटरव्ह्यूत कुठलं ऑपरेशन पाहिलं हे कुणी विचारलं नाही. काय पाहिलं यापेक्षा त्यातून काय उमगलं, हे विचारतात. तिथल्या मेडिकल स्कूल्स कौन्सिलच्या (मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या) सूचनांत स्पष्ट आहे की अनुभव हॉस्पिटलातलाच हवा असं नाही. वृद्धाश्रम, दुकानातलं काम, घरातल्या आजारी माणसाची देखभाल, सगळं धरतात. ब्रायटन अँड ससेक्स मेडिकल स्कूलचा ऑनलाइन कोर्स आहे, तोही फुकट. आणि नीट परीक्षा सोडू नका. परत येऊन प्रॅक्टिस करायची तर नीट क्वालिफाय लागते. २०२१ च्या नियमांनी तिथे एक वर्ष इंटर्नशिप, इथे आल्यावर पुन्हा एक वर्ष.

खारघरची_आई:
घरातली देखभाल धरतात हे माहीत नव्हतं. मग आमच्याकडे आहेच की. सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळल्यात. तेच लिहू.

सानपाड्याची_लेक:
तुमची मुलगी करते का त्यांचं? स्पष्ट विचारते, राग मानू नका. माझी आई ब्युरोतर्फे (घरी बाई पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे) पेशंट सांभाळते. बारा तासांचे ७०० मिळतात, त्यातून कमिशन जातं. डायपर, कूस बदलणं, नळीतून भरवणं, रात्री आजोबा ओरडले की उठणं. घरातली मुलं दारातून 'आजी कशी आहे' विचारून पुढे जातात. उद्या त्यांनी 'मी आजीची सेवा केली' असं लिहिलं, तर माझ्या आईचं काम कुठे गेलं?

खारघरची_आई:
हे अति झालं. माझ्या घरात डोकावून बोलायचा तुम्हाला काय अधिकार? सासूबाईंना सांभाळणाऱ्या मावशींना आम्ही वेळेवर पगार देतो, जेवण देतो.

सानपाड्याची_लेक:
पगार आणि जेवण देता, चांगलंच आहे. महिन्यात सुट्टी किती देता? माझ्या आईला गेल्या गणपतीतही मिळाली नाही, कारण बदली बाई आली नाही. आम्ही आरती फोनवर ऐकवली.

रिपीटर_बाबा_ऐरोली:
बदली बाई मिळतच नाही हो. आमच्या बाबांच्या वेळी दोन ब्युरो झाले. एकाने अॅडव्हान्स घेऊन फोन बंद केला.

सानपाड्याची_लेक:
ब्युरोने बुडवलं की घरची माणसं बाईवर राग काढतात, काका. आईने तेही सोसलंय.

इंटर्न_ठाणे_वेस्ट:
वॉर्डात हेच बघतो. पेशंटने काल किती खाल्लं, शी झाली का, पाठीला लाल चट्टा कधी दिसला, हे घरच्यांना सांगता येत नाही. मावशी सांगते. पेशंटची अर्धी हिस्टरी (आजाराची माहिती) तिच्याकडून येते आणि केसपेपरवर 'नातेवाइकांनी सांगितले' असं लिहितो. मीही लिहिलंय.

निवृत्त_सिस्टर:
खारघरताई, तुम्हाला दुखवायला धागा काढला नव्हता. दारं बंद असतात हे तुमचं म्हणणं खरं आहे, तेवढं मी मानते. आमच्या खात्याने मुलांसाठी कधी नीट सोय केली नाही. पण खारघरलाच टाटाचं कॅन्सरचं केंद्र आहे, परराज्यातून माणसं येतात. भाषा कळत नाही, कुठल्या खिडकीवर जायचं कळत नाही. पालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत. तिथे आठवड्याला दोन तास, सहा महिने. ओटीपेक्षा जास्त शिकेल.

खारघरची_आई:
सहा महिने आमच्याकडे नाहीत, ऑक्टोबर तोंडावर आलाय. ३० हजार भरणार नाही, एवढं ठरलं. आणि मावशींना सुट्टी नसते, हे खरं आहे. मी मोजलं नव्हतं. मुलीशी बोलले. रविवारी सकाळी आठ ते दोन ती आजीकडे बसेल. मावशींचा पगार कापणार नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुन्हा कुणी विचारेल.

सानपाड्याची_लेक:
मीच विचारणार होते. बरं केलंत.

निवृत्त_सिस्टर:
पहिले दोन रविवार मावशींना थांबवा, त्यांचे वेगळे पैसे द्या आणि मुलीला त्यांच्याकडून शिकू द्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. आजींना ओढायचं नाही, खालच्या चादरीसकट दोघींनी उचलून सरकवायचं, नाहीतर कातडी सोलवटते. टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. लाल दिसलं आणि बोटाने दाबून पांढरं झालं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. भरवताना डोकं उंच, आणि नंतर अर्धा तास तसंच. वही करून ठेवा, वेळ टाकून. मावशींनी सांगितलेलं त्यांच्या नावाने लिहायचं.