जिबरेलिन स्वतः पिष्ट विरघळवत नाही

बऱ्याचदा म्हटलं जातं की जिबरेलिन हे वनस्पतीतलं संप्रेरक (हार्मोन) दाण्यातलं पिष्ट (स्टार्च) विरघळवतं, म्हणून कोंब जोमाने वाढतो. परिणाम बरोबर, पण ते काम संप्रेरक स्वतः करत नाही. गर्भातून आलेलं जिबरेलिन दाण्याच्या अल्यूरोन थराला, म्हणजे पिष्टाभोवतीच्या जिवंत पेशींच्या थराला, नुसता निरोप देतं. तिथे आधी अल्फा-अमायलेज या विकराचा (एन्झाइमचा) एमआरएनए, म्हणजे ते बनवण्याची सूचना नेणारा आरएनए, तयार होतो, मग ते विकर, आणि पिष्ट फोडतं ते विकर.

पुण्यात बीएस्सीला असताना आम्ही हे डोळ्यांनी पाहिलंय. जवाचे दाणे आडवे कापून गर्भ नसलेले अर्धे तुकडे, पिष्ट घातलेल्या अगारवर (जेलीसारख्या थरावर) ठेवले. पिष्ट असेल तिथे काळंनिळं करणारं आयोडीन दोन दिवसांनी ओतलं तर सगळी बशी काळीनिळी, फक्त जिबरेलिन दिलेल्या अर्ध्यांभोवती स्वच्छ पांढुरकं वर्तुळ, म्हणजे तिथलं पिष्ट फुटलेलं! अजून आठवतं ते.

आणखी एक, मला फार मोलाचं वाटतं. आरएनए बनणं थांबवणारं अ‍ॅक्टिनोमायसिन-डी जिबरेलिनसोबतच दिलं तर विकर तयार होत नाही. बऱ्याच तासांनी दिलं तर फारसा फरक पडत नाही, कारण लागणारा एमआरएनए तोवर बनून गेलेला असतो. विकर हे प्रथिन असल्यामुळे प्रथिननिर्मिती रोखणारं सायक्लोहेक्झिमाइड मात्र उशिरा दिलं तरी विकर बनणं थांबतं.