जुन्या मुंबईच्या फोटोंत व्यापाऱ्यांची पागोटी काळी का?

पाटीवाला_७७:
मंडळी एक शंका. विल्यम जॉन्सनचे मुंबईतल्या लोकांचे फोटो बघतोय, १८६३ आणि १८६६ ला दोन भागात पुस्तक आलेलं ते. व्यापारी मंडळी झकास दिसतात पण तीन गोष्टी खटकतायत. पागोटी बरीचशी काळी, आकाश पांढरंफट, आणि माणसं मागच्या जागेवर चिकटवल्यासारखी वाटतात, जत्रेतल्या ताजमहालाच्या पडद्यासमोर उभं राहतात ना तशी. एक फोटो रंगीत करायचाय, तर पागोटं काळंच करू का?

डार्करूम_काका:
काळं अजिबात करू नकोस!! तेव्हा फिल्मच्या जागी ओली काच असायची, कोलोडियन नावाच्या चिकट रसायनाचा थर दिलेली, तिला फक्त निळा-जांभळा प्रकाश कळायचा, लाल-पिवळा जवळपास नाहीच. म्हणून लाल पागोटं काळं, कुंकू काळं, हळद पण गडद आणि निळं आकाश कोरं. आमच्या घरी स्टुडिओ होता, कागदावर प्रिंट काढताना लाल दिवा लावून आरामात काम चालायचं, तेच गणित. आणि लक्षात घे, सावळी कातडी पण त्यामुळे आहे त्याहून काळी येते, अंगरखा मात्र भगभगीत पांढरा. लोक ते बघून "किती काळे होते बघा" म्हणतात तेव्हा डोकं फिरतं.

भुलेश्वरकर:
चिकटवल्यासारखी नाही, चिकटवलेलीच आहेत. जॉन्सनने माणसं वेगळी काढली, मुंबईतल्या जागा वेगळ्या आणि मग दोन्ही एकत्र केलं, कडा नीट बघ कळेल. कारणही आहे, काच ओली असेपर्यंतच सगळं उरकायचं, मुंबईच्या उकाड्यात ती लवकर वाळणार, आणि भर बाजारात काच तयार करायला अंधारा तंबू ठोकून "हलू नका" कुणाला सांगणार? हलला तो पुसट. पण माझा खरा आक्षेप मांडणीवर आहे. खाली माणसाचं नाव नाही, फक्त जात किंवा धंदा लिहिलाय. म्हणजे तो गिऱ्हाइकाशी घासाघीस करणारा माणूस नाहीच, नमुना म्हणून बसवलाय. जॉन थॉमसनने १८७७-७८ ला लंडनमध्ये कोव्हेंट गार्डनच्या फुलवाल्या बायका टिपल्या, त्याही उभ्या करूनच, पण सोबत त्यांची कहाणी तरी छापली.

पाटीवाला_७७:
बाप रे. मग तो चॉकलेटी रंग तरी खरा का, की तोही वय झाल्यामुळे?

डार्करूम_काका:
दोन्ही. अल्ब्युमिन कागद म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा, त्यावर सोन्याच्या क्षाराने टोनिंग करायचे, म्हणजे प्रिंटची छटा बदलायचे, नवा प्रिंट जांभळट तपकिरी असायचा. पिवळी झाक नंतरची. मोबाईलमधल्या सेपिया फिल्टरचा याच्याशी संबंध नाही.

भुलेश्वरकर:
आणि सगळे फोटोवाले साहेबच होते असं समजू नकोस हां. डॉ. भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी त्याच काळात मुंबईत फोटो काढायचे, १८५४ ला इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्यात होते ते.

पाटीवाला_७७:
भारी, माहीत नव्हतं. बरं मग पागोटं लाल करतो.

डार्करूम_काका:
अरे लाल, केशरी, गडद हिरवं, काहीही असू शकतं, सगळं काळंच येतं. फोटोवरून कळणार नाही. राहू दे की तसाच.