बॅरल बदललं की झिरो (स्कोपचा जुळवलेला नेम) सरकतोय (बोल्ट अ‍ॅक्शन, दोन बॅरल), मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्याला ताप झालाय म्हणून शेवटी विचारतोच. माझ्याकडे बॅरल बदलता येणारी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आहे, ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, लिहिला की निम्मे लोक त्यावरूनच भांडत बसतात. एक बॅरल ६.५ क्रीडमूर काडतुसाचं, दुसरं .३०८ विंचेस्टरचं. दोन्हींचा बोल्ट फेस (काडतुसाचा बुंधा धरणारं बोल्टचं तोंड) सारखाच, साधारण १२ मिमी, त्यामुळे बोल्ट हेड बदलावं लागत नाही, मॅगझीनही तेच चालतं. इथपर्यंत सगळं मजेत.

बॅरल खालून दोन स्क्रूंनी आवळलं जातं, आणि स्कोप रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या बॉडीवर) आहे, बॅरलवर नाही. क्रीडमूरवर १०० मीटरला झिरो केला. मग .३०८ चढवलं तर ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) ५ सेमी खाली डावीकडे गेला, म्हटलं ठीक आहे, दुसरं बॅरल दुसरीकडे मारणारच, वहीत लिहून ठेवलं. परत क्रीडमूर लावलं तर ते आता ३ सेमी उजवीकडे! पुन्हा .३०८, तर या वेळी ८ सेमी खाली. म्हणजे फरक आहे ही तक्रार नाही हो, फरक दर वेळी वेगळा येतोय ही तक्रार आहे. स्क्रू टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोरावर क्लिक करणारा पाना) आवळतो, कंपनीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच. प्रत्येक वेळी तीन-तीन राऊंड मारले. स्कोप ०.१ मिलरेडियनचा, म्हणजे एका क्लिकला १०० मीटरवर १ सेमी, तेव्हा ८ सेमी म्हणजे आठ क्लिक, हे काही माझं हात हलणं नाही.

अजून एक, हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यातलं अंतर) दर वेळी गेजने बघायचा असतो का? एक जण म्हणतो बघच, दुसरा म्हणतो गरज नाही.

प्रतिसाद १:
हेडस्पेसचं आधी. तुमच्या रायफलीत बोल्टचे लग (लॉक होणारे दात) थेट बॅरलमध्येच लॉक होत असतील तर हेडस्पेस त्या बॅरलबरोबरच येतो, दर वेळी बघायची गरज नाही, नवीन बॅरल घेतल्यावर एकदा बघून घ्या. पण बॅरल नटवाली सिस्टिम असेल, सॅव्हेजसारखी, तर बॅरल फिरवून नट आवळताना दर वेळी गेज हवंच. गो गेजवर (कमीत कमी मापाचं) बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर (थोडं मोठं) नाही झाला पाहिजे, आणि जोर अजिबात लावायचा नाही, दोन बोटांनी हळू. .३०८ च्या त्या दोन गेजमधला फरक जेमतेम ०.१ मिमी आहे, डोळ्याने काय डोंबल दिसणार.

झिरोचं म्हणाल तर तीन राऊंडच्या ग्रुपवर माझा विश्वास नाही. तुमच्या रायफलीचा ग्रुपच ३ सेमीचा असेल तर तीन गोळ्यांचा मध्य इकडे-तिकडे सहज सेमीभर फिरतो. निदान दहा मारा आणि मग मध्य काढा. आणि एक दिवस बॅरलला हातच लावू नका, नुसती रायफल घेऊन जा, मारा, दुसऱ्या दिवशी परत मारा. तेव्हाही झिरो हलला तर दोष बॅरल बदलण्याचा नाही, स्कोपच्या रिंग नाहीतर माउंट बघा.

प्रतिसाद २:
दादा, स्क्रूला तेल लावता का साफसफाई करताना? तेलकट आटे त्याच टॉर्कला कोरड्यापेक्षा जास्त आवळले जातात. एकदा कोरडे, एकदा ओले असं झालं की रेंच क्लिक करते आणि आपण समाधानी, प्रत्यक्षात पकड वेगळी. एकतर कायम कोरडे पुसून घ्या. दुसरं, बॅरल बसतं ती जागा कापसाने पुसून नखाने चाचपून बघा. माझ्या बाबतीत साफ करायच्या कापडाचा एक धागा अडकला होता, तेवढ्यावर दोन आठवडे गेले 😅

आणि .३०८ चं बॅरल जाड आहे का? जाड असेल तर फोरएंडला (बॅरलखालचा लाकडाचा पुढचा भाग) टेकत असेल. कागदाची पट्टी बॅरल आणि लाकडाच्या मधून सरकवा, कुठे अडते बघा.

(ब्लेझर आर८ वाल्यांना हा त्रास कमी, त्यांचा स्कोप बॅरलवरच बसतो, दोन स्कोप ठेवले की झालं. खिसा मात्र रिकामा होतो.)

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. कागदाची पट्टी!! .३०८ ला फोरएंडच्या पुढच्या टोकापासून चार बोटांवर डावीकडे चक्क अडली. क्रीडमूर बारीक आहे, तिथे पट्टी सुळकन गेली. फोरएंडचं लाकूड आतून पॉलिश पेपरने घासलं, आता दोन्हींना पट्टी फिरते. आटेही पेट्रोल लावलेल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवले, स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारी मार्करने रेघ मारली म्हणजे रेघ जुळली की कळतं.

काल प्रत्येक बॅरल तीनदा काढून लावलं, दर वेळी पाच राऊंड, हात दुखून आले. .३०८ तिन्ही वेळा ४ ते ५ सेमी खाली, डावीकडचं जवळजवळ गेलं. क्रीडमूर आपल्या जागी परत येतंय, एका क्लिकच्या आत. म्हणून वहीत आता "३०८ साठी पाच क्लिक वर" लिहून स्टॉकच्या आत चिकटवलंय. आणि हो, दोन्ही कॅलिबरच्या गोळ्यांचे डबे वेगळ्या पिशव्यांत ठेवायला लागलो, एकाच टेबलवर मांडले की मला स्वतःचीच भीती वाटते.

आता .२२३ रेमिंग्टनचं तिसरं बॅरल घ्यायचा किडा वळवळतोय. त्याचा बोल्ट फेस लहान म्हणजे बोल्ट हेड आणि मॅगझीन दोन्ही वेगळं लागणार ना? कोणी वापरलंय का, बोल्ट हेड बदलल्यावर झिरो परत येतो का, की पुन्हा हाच गोंधळ?