सुरतला लग्नाला चाललोय, आठ दिवस अ‍ॅडसेन्स उघडू की हातच लावू नको?

केळीचा_माळी (यावल)
मंडळी, येत्या शनिवारी भुसावळहून सुरतेची गाडी धरतोय. उधन्याला मावसभावाच्या मुलीचं लग्न, तिथून पुढे द्वारका. आठ-नऊ दिवस मोडणार. माझी केळीवरची साइट आहे. रावेर-यावलचे भाव, करप्याची फवारणी, असलं लिहितो. अ‍ॅडसेन्समध्ये, म्हणजे साइटवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गुगलच्या सेवेत, ९२ डॉलर जमलेत आणि रोज सकाळी चहाआधी खातं उघडायची खोड लागलीय. आता एकाने डोक्यात भरवलं की सकाळी यावलातून आणि संध्याकाळी गुजरातेतून उघडलं की चोर समजून खातं बंद करतात. खरं आहे का हे? बायको म्हणते, लग्नात तरी तो मोबाइल खाली ठेवा.

तापीकाठ (अमळनेर)
भाऊ, काही भेवानं काम नही. गावाबाहेरून खातं उघडू नये असा नियम नाही. गुन्हा आहे तो स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करणं किंवा दुसऱ्याला करायला लावणं. कमाई बघणं ही वेगळी गोष्ट.
आणि एक गंमत कर. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर आपली उपकरणं कुठून वापरली ते दिसतं, ते बघ. घरच्या ओट्यावर बसून मोबाइल डेटावर उघडलं असशील तरी तिथे कधी मुंबई, कधी पुणे लिहिलेलं सापडेल. मोबाइल कंपन्या हजारो गिऱ्हाइकांना एकाच आयपी पत्त्यामागे (इंटरनेटवरचा आपला पत्ता) बसवतात. म्हणजे तू यावलात बसूनच रोज गावं फिरतोयस.

मास्तर_धुळे
नियम तोंडपाठ असणं वेगळं आणि खातं अडकल्यावर निस्तरणं वेगळं. माझं खातं दुसऱ्या एका जाहिरात कंपनीकडे होतं, नाव घेत नाही. पंढरपूरला लॉजच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर उघडायला गेलो. दोनदा पासवर्ड चुकला, तिसऱ्यांदा कुलूप. घरी येऊन अकरा दिवस मेलामेली केली तेव्हा उघडलं. कारण कोणी सांगितलं नाही.
शिवाय बघून करणार काय? महिन्याचा हिशेब महिना संपल्यावर पक्का होतो. पैसे निघतात पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेत, तेही १०० डॉलर पूर्ण झाले असतील तर. ९२ चे १०० बघून होत नाहीत. कपाशीला रोज उकरून पाहिलं म्हणून लवकर उगवत नाही.

केळीचा_माळी (यावल)
मास्तर, कळतं हो. वळत नाही.

पायथा_चोपडा
मास्तर, कपाशीचं बोललात पण शेतात रोज फेरी मारतोच ना माणूस? माझी पाककृतींची साइट आहे. मागच्या वर्षी माहेरी गेले होते. भाचरांना कोणीतरी सांगितलं की जाहिरात दाबली की मावशीला पैसे मिळतात. झालं! पोरं ओळीने बसली पडवीत, कळण्याच्या भाकरीचं पान उघडून, आणि दाब दाब दाबलं. एरवी दिवसाला चार-पाच क्लिक, त्या दिवशी साठाच्या वर, आणि वाचणारे तेवढेच. रात्री खातं उघडलं म्हणून दिसलं. लगेच त्या पानावरून जाहिराती काढल्या आणि अवैध क्लिक कळवायचा फॉर्म भरला. आठ दिवसांनी बघितलं असतं तर?
तुमचं खातं अडकलं ते लॉजच्या कॉम्प्युटरमुळे. पंढरपूरचा काय दोष त्यात?

मास्तर_धुळे
ताई, फॉर्म भरला म्हणून खातं वाचलं, याला पुरावा काय? अवैध क्लिक त्यांची यंत्रणा आपोआप गाळते आणि ते पैसे वजा करते. तुम्ही झोपला असता तरी गाळलेच असते.

पायथा_चोपडा
पुरावा नाही. महिनाअखेर थोडी रक्कम वजा झाली, खातं चालू राहिलं, एवढंच माहीत आहे. पण झोपले असते तर दुसऱ्या दिवशी पोरांनी परत दुकान मांडलं असतं, ते यंत्रणेने थांबवलं नसतं.

नवीन_पाखरू
व्हीपीएन लावा ना, खरी जागा लपवणारं अ‍ॅप. उधन्यात बसून यावलच दिसेल.

तापीकाठ (अमळनेर)
@नवीन_पाखरू, व्हीपीएनच्या यादीत यावल कधीपासून आलं? दिसेल सिंगापूर नाहीतर नेदरलँड. साधा सरळ माणूस तोंडाला फडकं बांधून बँकेत शिरला तर वॉचमन काय करेल? तेच.

रेल्वे_कॉलनी (भुसावळ)
तुम्ही सगळे जागेवरून भांडताय. अडतं ते ओटीपीवर. तोरणमाळला आमचं तेच झालं. नव्या टॅबलेटवर लॉगिन करायला गेलो, कोड एसएमएसने येणार आणि रेंजच नाही. सीताखाईला वळसा घालून हात वर करून उभा राहिलो, बायको फोटो काढत होती.
तेव्हा निघायच्या आधी दोन कामं कर. लॉगिनचा कोड मोबाइलवरच बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लाव, त्यातला कोड नेटशिवाय तयार होतो. आणि एसएमएस आला नाही तर वापरायचे गुगलचे बॅकअप कोड काढून ठेव. दहा मिळतात, आठ-आठ अंकी, एक कोड एकदाच चालतो. मावसभावाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र उघडू नको. 'पासवर्ड जतन करायचा का' असं ब्राउझर विचारतो आणि शेजारी उभा असलेला पोरगा तुझ्या आधी 'हो' दाबतो.

मास्तर_धुळे
हे पटलं. पण माझं मत तेच, उघडूच नका. अगदीच राहवत नसेल तर पुतण्याला त्याच्या स्वतःच्या ईमेलने वापरकर्ता म्हणून जोडा. पासवर्ड द्यावा लागत नाही. आल्यावर काढून टाका.

पायथा_चोपडा
पुतण्या वीस वर्षांचा असेल तर मी पासवर्डही देणार नाही आणि जोडणारही नाही. स्वतःच्या मोबाइलवरून रात्री पाच मिनिटं बघा, बास. आणि लग्नात कोणाला साइट दाखवू नका.

केळीचा_माळी (यावल)
तो उद्योग करून झालाय. पत्रिकेसोबत व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिंक टाकली होती, आत्ता पुसली. रात्री एकदा बघायचं ठरवलं. अ‍ॅप लावलं, कोड छापले. कागद बायकोच्या पर्समध्ये, आहेराच्या पाकिटांसोबत.

रेल्वे_कॉलनी (भुसावळ)
कागदावर खात्याचा ईमेल तर लिहिला नाहीस ना?

केळीचा_माळी (यावल)
लिहिलाय. थांबा, दुसरा छापतो.