४ ऑगस्टला नागपूरच्या इंदोऱ्यातला रस्ता बंद ठेवून वस्तीचा इतिहास मांडावा का?

दहा नंबर पुलाजवळून
जयभीम. आमच्या वस्तीतल्या तरुण पोरापोरींनी एक प्रस्ताव मांडला आहे. ४ ऑगस्टच्या लगतच्या रविवारी बुद्धविहाराकडचा आतला रस्ता दिवसभर गाड्यांना बंद ठेवायचा आणि तिथं इंदोऱ्याचा इतिहास मांडायचा. जुने फोटो, कात्रणं, भीमगीतं, पुस्तकांचे स्टॉल, बचतगटाच्या बायकांचे खाण्याचे ठेले आणि मधोमध सतरंजीवर बसून म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या आठवणी. दोन बैठका झाल्या, दोन्हीत भांडणं झाली. माझा प्रस्तावाला पाठिंबा आहे.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. त्याच्या निषेधात नागपूर रस्त्यावर उतरलं. ४ ऑगस्टला पोलिसांच्या गोळीबारात आमच्या वस्तीतली माणसं गेली. अविनाश डोंगरे, दिलीप रामटेके, रोशन बोरकर ही त्यांतली नावं. पुढच्या वर्षी जोगेंद्र कवाडे सरांनी दीक्षाभूमीवरून लाँग मार्च काढला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं.

पुलाजवळच्या स्मारकावर दरवर्षी अभिवादन होतं. नेते येतात, हार घालतात, भाषणं करतात, आणि दुपारपर्यंत पांगापांग. शेजारच्या गल्लीतल्या आठवीतल्या पोरीला विचारलं तर ती म्हणाली, "तिथं कोणीतरी शहीद झालं होतं." रोज त्याच स्मारकावरून शाळेत जाते ती. हार घालून हे बदलणार नाही.

आणि इतिहास एका दिवसाचा थोडाच आहे? किसन फागुजी बनसोडेंनी १९०७ मध्ये पाचपावलीत मुलींची शाळा काढली. जाईबाई चौधरींनी स्टेशनावर हमाली केली, डोक्यावरून ओझी वाहिली आणि १९२२ मध्ये चोखामेळा कन्या शाळा उभी केली. आमच्या पोरींना सावित्रीबाई माहीत आहेत, ते चांगलंच आहे. पण आपल्याच गावातली जाईबाई माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

रात्रपाळी
ताई, तुमची तळमळ कळते. तरी माझा विरोध आहे, आणि तो पक्का आहे.

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. त्या दिवशी मी घरी होतो. आईनं आम्हा भावंडांना मोरीत बसवलं होतं, कारण घरात तेवढीच एक भिंत विटांची होती, बाकी सगळं तट्ट्याचं. बाहेर माणसं पळत होती. कोणाची तरी एक चप्पल आमच्या दारात राहून गेली, ती आईनं कित्येक दिवस फेकली नाही. त्या तारखेला त्याच गल्लीत मला पावभाजीचा ठेला पाहवणार नाही.

दुसरं, मांडव पडला की बॅनर लागतो. बॅनर लागला की पैसे देणाऱ्याचा चेहरा शहिदांच्या फोटोपेक्षा मोठा होतो. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेनं काय केलं ते आपण सगळे पाहून राहिलो. पहिल्या वर्षी सतरंजी असेल, तिसऱ्या वर्षी स्टेज येईल. तुम्ही थांबवू शकणार नाही, कारण तेव्हा समितीत तुम्ही नसाल.

मोहन पार्क
काकांशी मी अर्धी सहमत आहे. रस्त्यावर मांडा, पण तारीख बदला. २० जुलै घ्या.

१९४२ मध्ये याच तारखेला नागपुरात मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. आदल्या दोन दिवसांत तिथंच बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची स्थापना झाली. ती सगळ्यांना माहीत असते, बायकांची परिषद मात्र शेवटच्या ओळीत येते. ठराव तरी वाचा: घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून जास्त बायका करण्याला बंदी हवी, गिरणीतल्या बाईला वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, वीस वर्षं नोकरी झाल्यावर महिना १५ रुपये पेन्शन. हे १९४२ सालचं आहे! हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी नागपूरच्या मांडवात बायका हे हात वर करून मंजूर करत होत्या. आज माझ्या ओळखीतल्या, घरकाम करणाऱ्या बायांना पगारी रजा नाही.

हा दिवस साजरा करण्यासारखाच आहे. गाणी म्हणा, खा, नाचा, कोणाला त्रास नाही. ४ ऑगस्ट स्मारकापाशी शांततेत राहू द्या.

दुकानदार, कामठी रोड
२० जुलै घ्या की ४ ऑगस्ट, नागपुरात दोन्ही वेळी पाऊस असतो. फोटो भिजतील, सतरंजी भिजेल. ते जाऊ द्या. मेट्रो आणि पुलाच्या कामात आमच्या दुकानांसमोर पत्रे उभे होते, तेव्हाचं नुकसान अजून भरून निघालं नाही. आता रविवार, म्हणजे आमच्या धंद्याचा दिवस, तोच बंद? जवळच दवाखाना आहे, ॲम्ब्युलन्स कुठून नेणार? बाबासाहेबांबद्दल माझ्या मनात तेवढाच आदर आहे. पण रस्ता अडवायच्या आधी आम्हाला कोणी विचारलंही नाही.

महालातून
मी बौद्ध नाही. दरवर्षी मारबतीच्या मिरवणुकीला आमचा भाग तुडुंब भरतो, वाहतूक बंद असते, कोणी तक्रार करत नाही. रामनवमीच्या शोभायात्रेलाही रस्ते बंद असतात. मग इंदोऱ्याच्या एका आतल्या गल्लीचा एवढा हिशेब काहून? मात्र मला वाटतं कार्यक्रम संविधान चौकात घ्यावा. तिथं सगळं शहर येतं. इंदोऱ्यात घेतला तर तुमचेच लोक तुम्हालाच सांगत राहतील.

वैशालीनगर
@महालातून, रस्त्यांबद्दल बोललात ते बरोबर, पण जागेबद्दल पटलं नाही. आम्ही दरवेळी शहराच्या मध्यावर का यायचं? १९५६ पासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लोक नागपुरात येतात, पण उत्तर नागपूर पाहायला महालातलं कोणी आलेलं मला आठवत नाही. आता मेट्रो आहे, इंदोरा चौकात उतरा. पाच मिनिटं चालून या.

दहा नंबर पुलाजवळून
दुकानदार भाऊ, तुमचं खरं आहे, आधी विचारायला हवं होतं. पुढची बैठक तुमच्याच ओळीत घेऊ. मुख्य कामठी रोड बंद करायचा नाहीच, फक्त आतली गल्ली, आणि एका कडेनं ॲम्ब्युलन्सपुरती जागा कायम मोकळी.

काका, चप्पलेचं वाचून फोन खाली ठेवला होता मी. पण हे तुम्ही इथं लिहिलंत म्हणून मला कळलं. स्मारकापासून अर्ध्या किलोमीटरवर राहून मी हे कधी ऐकलं नव्हतं. अभिवादनाच्या भाषणांत हे येत नाही. डीजे नाही, कोणत्याही नेत्याचा, बिल्डरचा बॅनर नाही, पैसे फक्त घरटी वर्गणीतून, हे लेखी करून घेऊ. तारखेबद्दल मोहन पार्क ताईंचं मला पटत चाललं आहे, पण २० जुलै घेतली तर गोळीबाराचं सांगायचं कुठं? ते गाळून इंदोऱ्याचा इतिहास होत नाही.

रात्रपाळी
लेखी करून घेतलेलं कोण पाळतं? विरोध कायम आहे. २० जुलैला घ्याल तर वर्गणी देईन. ४ ऑगस्टला घ्याल तर देणार नाही आणि येणारही नाही. पोरांना माझ्याकडून ऐकायचं असेल तर घरी पाठवा, दोघंतिघं करून. वडिलांचा मिलचा बिल्ला आणि तेव्हाची कात्रणं माझ्याकडे आहेत. मांडवात लावायला देणार नाही.

मोहन पार्क
पोरांना मी घेऊन येते काका. रविवारी चालेल?

दुकानदार, कामठी रोड
बैठक सकाळी दहाच्या आत ठेवा. नंतर गिऱ्हाईक असतं.