फ्रान्सचा समुद्रकिनारा कॅम्परव्हॅनने आणि मधेमधे चालत, कुठला भाग घ्यावा?

सागरवेडी

नमस्कार मंडळी, आम्ही जर्मनीत राहतो, जूनच्या शेवटी दहा-बारा दिवस सुट्टी मिळतेय आणि यावेळी हॉटेलबिटेल नको, कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन फ्रान्सचा किनारा करायचा असं चाललंय. मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. नवऱ्याने नकाशावर रेघ मारून ठेवलीय, नॉर्मंडीपासून सुरुवात, मग ब्रिटनी, मग अटलांटिकच्या कडेने खाली बोर्दोपर्यंत, ती मोठी वाळूची टेकडी, आणि जमलं तर भूमध्य समुद्र पण 😀 मला मात्र गाडीत बसून किनारा नाही बघायचा, मला चालायचंय, एका बीचवरून दुसऱ्या बीचवर, मधे पोहायचं, खायचं, परत चालायचं.

प्रश्न असे की १) कुठला भाग घ्यावा, २) एका बाजूला व्हॅन लावून चालत गेलो तर परत व्हॅनपाशी यायचं कसं, हे कोणी लिहीतच नाही, ३) रात्री अगदी समुद्रासमोर व्हॅन लावून झोपता येतं का? इन्स्टावर तर सगळे तेच करताना दिसतात, दार उघडलं की समुद्र.

पायवाट

आधी नवऱ्याची रेघ पुसा. दहा-बारा दिवसांत एवढं केलंत तर रोज चार तास स्टिअरिंग आणि संध्याकाळी दमून पार्किंग शोधणं, चालणं राहूनच जाईल. मी तर म्हणेन फक्त ब्रिटनी, आणि ब्रिटनीतलेही तीनच तुकडे.

ब्रिटनी यासाठी की तिथे जीआर ३४ आहे. मों सँ मिशेलपासून सँ नाझेरपर्यंत साधारण २००० किमीची पायवाट, पूर्ण किनाऱ्याला चिकटून. मूळची ही कस्टमवाल्यांची वाट, १७९१ पासून स्मगलरांवर नजर ठेवायला शिपाई इथून गस्त घालायचे, त्यामुळे ती प्रत्येक खाचेत शिरते आणि प्रत्येक टोकाला जाऊन येते. शिपायाला समुद्र सतत दिसत राहायला हवा होता, त्याचा फायदा आज आपल्याला. खुणा पांढरी-लाल पट्टी, आणि त्याच रंगात फुली दिसली तर ती वाट आपली नाही. शिवाय फ्रान्समध्ये ३१ डिसेंबर १९७६ चा कायदा आहे, किनाऱ्यालगतच्या खाजगी जमिनीतून सुद्धा ३ मीटरची पट्टी चालणाऱ्यांना मोकळी ठेवावी लागते, म्हणून मोठमोठ्या बंगल्यांच्या बागेच्या कडेने बिनधास्त जाता येतं. (काही ठिकाणी अपवाद आहेत, तिथे वाट आत वळते, खुणा बघत राहायचं.)

आता तुमचा दुसरा प्रश्न, तोच खरा प्रश्न आहे. उपाय सोपा आहे पण उलटा आहे. व्हॅन जिथे चालणं *संपणार* तिथे लावायची, सकाळी बस पकडून सुरुवातीच्या गावी जायचं आणि व्हॅनकडे चालत यायचं. मग शेवटची बस चुकेल ही धाकधूक नाही, मुलगी दमली तर वाटेत हवं तेवढं बसा, कोणी घाई करत नाही. तिथल्या एसटीचं नाव ब्रेझगो, वेळापत्रक नेटवर आहे, पण रविवारी बस फार कमी, आणि शाळेच्या सुट्टीतलं वेळापत्रक वेगळं असतं ते नीट बघा. बस नसेल तिथे एखादं भूशिर निवडायचं, ते जमिनीकडून कापून गोल पूर्ण करता येतं, एका बाजूच्या बीचवरून निघून दुसऱ्या बाजूच्या बीचवरून परत.

तीन तुकडे कुठले तर

कांकाल ते सँ मालो. कांकालच्या बंदरापासून ग्रुएँच्या टोकापर्यंत साधारण ७ किमी, मधे पोर-मेरचा छोटा बीच आहे तिथे मुलगी तास दीड तास हलणार नाही. टोकापुढे व्हेर्जेचा मोठा वाळूचा बीच. कांकालला धक्क्यावर ऑयस्टर विकतात, खाऊन शिंपले तिथेच खाली टाकायचे, सगळे टाकतात.

मग पेरॉस-गिरेक, गुलाबी ग्रॅनाइटचा किनारा. त्रेस्त्राऊ बीचवरून प्लूमानाकपर्यंत चाला, चढ जवळपास नाहीच, आणि खडक असे की नऊ वर्षांच्या मुलीला प्रत्येकात काहीतरी दिसेल. शेवटी सँ गिरेकचा बीच आहे, त्यात पाण्यातच एक छोटी देवळी आहे, भरतीला तिच्याभोवती पाणी. लग्न जमावं म्हणून मुली संताच्या नाकात सुई टोचायच्या, लाकडी मूर्तीचं नाक इतकं झिजलं की आता तिथे ग्रॅनाइटची मूर्ती आहे. समोर सात बेटं दिसतात, तिथे पफिन नावाचे समुद्रपक्षी असतात, बोट त्रेस्त्राऊहून सुटते. जुलै संपता संपता पफिन उडून जातात, म्हणजे तुमचा जूनच बरोबर.

आणि तिसरं क्रोझाँ द्वीपकल्प. ते वेगळंच लिहावं लागेल, रानटी आहे. पेन-हिरचं टोक, खाली व्हेर्याकचा बीच, आणि कामारेजवळ लागातजारचे उभे दगड. एक लक्षात ठेवा, ला पालूचा बीच बघून पोहावंसं वाटेल पण तिथे पोहायला बंदी आहे, ओढ फार वाईट. आणि ज्या इल व्हिएर्ज बीचचे फोटो बघून अर्धी दुनिया येते तिथे दरडी कोसळतात म्हणून खाली उतरायची मनाई केलेली आहे, वरून बघा आणि पुढे चला.

एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला दोन-अडीच तास लागतात, आणि ब्रिटनीत हायवेला टोल नाही.

चाकावरचं_घर

पायवाट यांच्याशी सहमत, मी फक्त तिसऱ्या प्रश्नाचं लिहिते कारण यावर लोक फार फेकतात.

फ्रान्समध्ये पार्क करणं वेगळं आणि कॅम्प करणं वेगळं. व्हॅन इतर गाड्यांसारखी आखलेल्या जागेत उभी आहे, आत तुम्ही झोपलाय, तर ते पार्किंग. छत्री उघडली, खुर्च्या बाहेर काढल्या, चाकाखाली ठोकळे घातले, की ते कॅम्पिंग झालं, आणि समुद्रकिनाऱ्यावर असं मोकळं कॅम्पिंग कायद्यानेच बंद आहे. त्यात किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांनी रात्रीच्या पार्किंगलाही बंदी घातलीय, बोर्डवर कॅम्परचं चित्र आणि रात्रीचे तास लिहिलेले असतात. इन्स्टावरचा तो दार उघडलं की समुद्रवाला फोटो बहुतेक वेळा सकाळी दहाला काढलेला असतो 😄

दुसरं म्हणजे उंची. बीचच्या पार्किंगला कमान असते, साधारण १.९० किंवा २ मीटरची. नेहमीची मोठी व्हॅन, म्हणजे आत उभं राहता येतं ती, अडीच मीटरच्या वर असते, आत जाणारच नाही. छोटी, छप्पर वर उचलायची व्हॅन असते ती जेमतेम २ मीटरच्या आत बसते पण वर सायकल स्टँड की काही लावलं की गेलं. टोलला पण हाच हिशेब, २ मीटरपर्यंत कारचा दर, त्यावर ३ मीटरपर्यंत पुढचा वर्ग. भाड्याने घेताना गाडीची उंची विचारा, आणि कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, चालवताना आठवत नाही.

मग झोपायचं कुठे? गावोगाव कॅम्परसाठी 'एर' असतात, पाणी भरायला, घाण पाणी सोडायला, टॉयलेटची कॅसेट रिकामी करायला जागा, काही फुकट, बऱ्याच पैसे देऊन. त्याहून छान म्हणजे नगरपालिकेचे कॅम्पिंग, कॅम्पिंग म्युनिसिपाल, स्वस्त, स्वच्छ, आणि पुष्कळदा बीचपासून पाच मिनिटांवर, तिथे खुर्च्या काढा, कपडे वाळत घाला, कोणी काही म्हणत नाही. मी तर एक रात्र एर एक रात्र कॅम्पिंग असं करते, अंघोळीचा प्रश्न सुटतो. शेतावर, द्राक्षमळ्यात एक रात्र फुकट राहू देणारी फ्रान्स पासियों नावाची योजना पण आहे, वर्षाची फी भरून, पण ते मळे बहुतेक आतल्या भागात, किनारा हवा असेल तर फार उपयोग नाही.

ॲपवर कोणीतरी "आम्ही इथे झोपलो, काही झालं नाही" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, बोर्ड वाचा. आणि चालायला जाताना पासपोर्ट लॅपटॉप व्हॅनमध्ये दिसेल असं ठेवू नका, पायवाटेच्या सुरुवातीची पार्किंग हीच चोरांची आवडती जागा.

दक्षिणकाठ

सगळे ब्रिटनी ब्रिटनी करतायत पण पोहायचं म्हणताय ना? ब्रिटनीत जूनमध्ये पाणी १६ च्या आसपास असतं, मुलगी बोट बुडवून बाहेर येईल. चालणं आणि पोहणं दोन्ही हवं तर भूमध्य. आणि तिथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, बीच आहे तिथेच राहतो.

तीन ठिकाणं सुचवतो. मार्से आणि कासी यांच्यामधले कालांक, म्हणजे चुनखडीच्या कड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्या. कासीहून पोर-मियू, पोर-पॅं, मग आँ-व्हो, एकापुढे एक, शेवटची उतरण मात्र घसरडी आहे, चपला घालून जाऊ नका. २०१२ पासून नॅशनल पार्क आहे, व्हॅनमध्ये रात्र काढायची आत परवानगी नाही. १ जून ते ३० सप्टेंबर वणव्याच्या धोक्यामुळे रोज ठरतं, वाटा उघड्या की बंद, आदल्या संध्याकाळी बघायचं. त्यातल्याच सुजितों नावाच्या खाडीला तर २०२२ पासून उन्हाळ्यात गर्दीच्या दिवसांत आधी नाव नोंदवावं लागतं, फुकट आहे पण दिवसाला ४०० च माणसं.

दुसरं सँ त्रोपेच्या दक्षिणेला जिगारो बीचवरून काप लार्दिए, काप ताया करत लेस्कालेपर्यंत. अर्धा दिवस जातो, मधे जिथे वाटेल तिथे उतरून पोहायचं. सँ त्रोपे ऐकून घाबरू नका, या वाटेवर एक दुकान नाही, सगळी जमीन कोंझर्वातुआर द्यु लितोरालने सांभाळलेली, ही १९७५ ला स्थापन झालेली सरकारी संस्था, किनारा विकत घेते आणि बांधकाम होऊ देत नाही.

तिसरं कॉलियूर ते बान्यूल्स, स्पेनच्या बॉर्डरजवळ, द्राक्षमळ्यांतून वाट आणि मधे पोलीयचा बीच जिथे पूर्वी नोबेलचा डायनामाइट कारखाना होता. या पट्ट्यात किनाऱ्यालगत रेल्वे आहे, गावोगाव स्टेशन, म्हणजे तुमचा व्हॅनचा प्रश्नच मिटला.

पायवाट

@दक्षिणकाठ पाणी गार आहे हे मान्य, नाकारत नाही. पण जूनच्या शेवटी कालांकमध्ये दुपारी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन चालणं म्हणजे सावली नाही, पाणी नाही आणि दगड तापलेले. भूमध्य सप्टेंबरात करा, तेव्हा समुद्र पण कोमट असतो. आणि ब्रिटनीत जूनअखेर सूर्य रात्री दहा नंतर मावळतो हे पण बघा, जेवून सुद्धा फिरता येतं.

सागरवेडी

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! उलटं चालायची आयडिया म्हणजे मला एकदम पटलीच, नवऱ्याला पण दाखवली. बहुधा ब्रिटनीच, भूमध्य पुढच्या वर्षी सप्टेंबरात (शाळा आहे, पण बघू). भरती-ओहोटीचं जरा नीट सांगा ना, बीचवरून बीचवर पाण्याच्या कडेने चालत जाता येतं का, की वरच्या वाटेनेच? आणि नवरा विचारतोय वाळूची टेकडी अगदीच नाही का होणार 🙈

पायवाट

भरतीचं ऐका, हे महत्त्वाचं. सँ मालो आणि मों सँ मिशेलच्या उपसागरात भरती आणि ओहोटीत १३-१४ मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणजे चार मजली घर बुडेल इतका. सकाळी पाहिलेला बीच दुपारी जागेवर नसतो. म्हणून पाण्याच्या कडेने, कड्याच्या पायथ्यातून दुसऱ्या बीचवर जायचं नाही, वरच्या वाटेनेच जायचं. फक्त एकाच मोठ्या बीचच्या आत वाळूवरून चाला.

तिथे प्रत्येक दिवसाच्या भरतीला एक आकडा असतो, कोएफिसिआं, २० ते १२० मधे. १०० च्या वर असेल तर समुद्र खूप लांब जातो आणि तितकाच जोरात परत येतो. टुरिस्ट ऑफिसमध्ये छोटी पुस्तिका मिळते, फुकट किंवा एक-दोन युरोत, नाहीतर शोम, म्हणजे फ्रान्सच्या सरकारी सागरी मापन खात्याच्या साइटवर बघा. भरतीची गती सारखी नसते, सहा तासांतले मधले दोन तास पाणी सगळ्यात जास्त चढतं, लोक तिथेच फसतात. आणि मों सँ मिशेलच्या वाळूत वाटाड्याशिवाय अजिबात उतरू नका, रुतणारी वाळू आहे.

पाण्याची बाटली भरायची युक्ती सांगते, वाटेवर नळ नसतात पण गावातल्या दफनभूमीत नळ असतो, फ्रान्समध्ये चालणारे सगळे तिथेच भरतात. 'पिण्याचं नाही' असा बोर्ड नाही ना तेवढं बघायचं. आणि वेग ताशी तीन किमी धरा, वाट सारखी खाली बीचवर उतरते आणि परत वर चढते.

चाकावरचं_घर

टेकडी, म्हणजे पिलाची, क्रोझाँहून जवळपास पूर्ण दिवसाचं ड्रायव्हिंग आहे. सुमारे १०० मीटर उंच, युरोपातली सगळ्यात उंच, भारी आहे यात वाद नाही. पण जुलै २०२२ च्या वणव्यात पायथ्याची कॅम्पिंगं जळाली होती, त्यामुळे त्या भागात आधी बुकिंग बघूनच जा. शिवाय त्या किनाऱ्याला बाईन असतात, वाळूत पडलेले खळगे, ओहोटीला शांत डबकं दिसतं आणि पाणी भरलं की आतून समुद्राकडे ओढ लागते. मुलीला घेऊन पोहायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. मी असते तर या ट्रिपमध्ये टेकडी घेतलीच नसती. नवऱ्याला सँ मालोच्या तटबंदीवर फिरवा, शांत होईल.

पालेभाजी

शाकाहारी आहात का? असाल तर ब्रिटनीत उपाशी मरणार नाही, गव्हाच्या ऐवजी कुट्टूच्या पिठाची गालेत मिळते सगळीकडे. 'कोंप्लेत' मागवली तर त्यात अंडं, चीज आणि हॅम येतं, मागवतानाच "साँ जाँबों" म्हणायचं, हॅम नको. बाकी व्हॅनमध्ये गॅस आहेच, खिचडी लावा. सुपरमार्केट रविवारी दुपारनंतर बहुतेक बंद, शनिवारीच सामान भरा, आणि मोठ्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उघड्यावर कपडे धुवायची मशीनं असतात, आत खरेदी होईस्तोवर कपडे तयार.

नवा_भिडू

धागा वाचून मलाही जावंसं वाटतंय. माझं भारतातलं लायसन्स आहे, तिथे चालेल का?

चाकावरचं_घर

टुरिस्ट म्हणून गेलात तर चालतं, सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट किंवा अधिकृत भाषांतर हवं. ते भारतातूनच काढून न्या. साध्या कारच्या लायसन्सवर ३.५ टनापर्यंतची व्हॅन चालवता येते, त्यावरची नाही. भाड्याने देणारे मात्र स्वतःच्या अटी लावतात, वय, लायसन्स किती वर्षांचं वगैरे, ते बुकिंगच्या आधी मेलवर विचारून लेखी घ्या. आणि एक, छोट्या गावांत बोर्ड नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, गल्लीतून आला तरी.

सागरवेडी

शाकाहारीच आहोत, कुट्टूचं वाचून जीव भांड्यात पडला 😄 कांकालचं म्युनिसिपाल कॅम्पिंग शोधतेय आता. @पायवाट कांकालला दोन रात्री पुरतील का तीन घेऊ?

पायवाट

तीन घ्या. एक दिवस पाऊस पडणारच.